फिजिक्स येतं, इंग्रजी अडतं

पत्र : मॅडम, मी अहमदपूर तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आमच्या शाळेत सेमी इंग्रजी नव्हतं. विज्ञानात मार्क चांगले पडले म्हणून लातूरला अकरावी सायन्सला आले, मामांकडे राहते. फिजिक्सच्या तासाला निम्मं डोक्यावरून जातं. पुस्तकाचं एक पान वाचायला तास लागतो, कारण प्रत्येक ओळीला मोबाइलवर अर्थ बघावा लागतो. तेच गणित मैत्रिणीने मराठीत सांगितलं की लगेच सुटतं. बाबा म्हणतात, जमत नसेल तर आर्ट्सला जा. मामा म्हणतात, आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. नीटचा पेपर मराठीतून देता येतो असं ऐकलं, ते खरं आहे का? मी काय करू?
— अकरावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर :

मराठीत सांगितलं की गणित लगेच सुटतं, असं तू लिहितेस. मग आर्ट्सचा विषय इथेच संपला. आर्ट्सला जावंसं वाटलं तर जरूर जा, पण इंग्रजी अडतंय म्हणून जाऊ नकोस. बाबांना हे सांग. फिजिक्स न कळणाऱ्याला वर्षभर शिकवूनही वेळ पुरत नाही. तुझं तसं नाही. तुला फिजिक्स कळतंय, फक्त ते वेगळ्या आवाजात आणि वेगळ्या अक्षरांत ऐकायची-वाचायची सवय नाही.

स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे पैसे सध्या मामांच्या खिशातच राहू देत. तो क्लास वाईट असतो असं मी म्हणत नाही. तिथे स्वतःची ओळख करून द्यायला, मुलाखतीला उत्तर द्यायला शिकवतील, पुढे कधी तरी ते कामाला येईलही. पण ‘अ ब्लॉक स्लाइड्स डाउन अ रफ इन्क्लाइन्ड प्लेन’ हे वाक्य तिथे कोणी बोलणार नाही, आणि तुझं अडलंय ते या वाक्यापाशी. फिजिक्सची इंग्रजी एकंदर इंग्रजीच्या मानाने अगदी छोटी असते. क्रियापदं तीच तीच, वाक्यांचे साचे तेच तेच. कादंबरी वाचायला जेवढी इंग्रजी लागते, तिचा लहानसा तुकडा आला तरी फिजिक्सचं पान वाचता येतं. तेवढाच तुकडा आधी घेऊ या.

सुरुवात अकरावीच्या पुस्तकापासून करू नकोस. तिथे विषयही नवा आणि भाषाही नवी, दोन्हींशी एकदम झुंजावं लागतं. बालभारतीच्या संकेतस्थळावरून नववी आणि दहावीच्या विज्ञानाची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं उतरवून घे, फुकट मिळतात. तुझ्याकडे मराठी पुस्तकं असतीलच, नसतील तर तीही तिथेच आहेत. दोन्ही माध्यमांत प्रकरणं तीच, आकृत्या त्याच, सोडवलेली उदाहरणंसुद्धा तीच. नववीचं पहिलंच प्रकरण ‘गतीचे नियम’, दुसरं ‘कार्य आणि ऊर्जा’, तिसरं ‘धाराविद्युत’. दहावीच्या भाग एकमध्ये गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे. अकरावीच्या फिजिक्सचा पाया बराचसा याच प्रकरणांत आहे.

आता वाचायचं कसं? आधी मराठीतला एक परिच्छेद वाच, मग पुस्तक मिट. इंग्रजीतला तोच परिच्छेद उघड आणि डिक्शनरी न बघता शेवटपर्यंत जा. त्यात काय लिहिलंय ते तुला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या मजकुरातून आपोआप हाती येतो. ‘मोमेंटम’ कुठे आलं, कशाच्या गुणाकाराला म्हटलं, हे दिसलं की तो आपला संवेग हे वेगळं सांगावं लागत नाही. त्वरण, जडत्व, विस्थापन, गतिज ऊर्जा, मुक्तिवेग यांच्या इंग्रजी जोड्या दोन-तीन प्रकरणांत अशाच जमून जातील. एखादी अडलीच तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, तिथे विषयवार शोधता येतं.

मोबाइलवरच्या साध्या भाषांतरावर मात्र भिस्त ठेवू नकोस. ते ‘मोमेंट’चा क्षण करतं, ‘चार्ज’चं शुल्क, ‘फील्ड’चं शेत. मग मुलं माझ्याकडे येऊन विचारायची, मॅडम, चुंबकाचं शेत म्हणजे काय हो?

खरी गंमत त्या शब्दांची आहे, जे आपल्याला येतात असं आपल्याला वाटतं. पारिभाषिक शब्द अनोळखी म्हणून आपण तिथे थांबतो, सावध होतो. ओळखीचा शब्द मात्र हसत हसत फसवतो. ‘बॉडी’ म्हणजे फिजिक्समध्ये शरीर नव्हे, कुठलीही वस्तू. ‘युनिफॉर्म’ म्हणजे एकसमान, ‘ॲट रेस्ट’ म्हणजे स्थिर, ‘नॉर्मल’ म्हणजे पृष्ठभागाला लंब. ‘स्मूद सरफेस’ म्हटलं की घर्षण धरायचं नाही, आणि ‘लाइट स्ट्रिंग’ म्हटलं की दोरीचं वस्तुमान धरायचं नाही. त्या लाइटचा प्रकाशाशी काही संबंध नाही. म्हणजे हे साधे शब्द गणितात चक्क माहिती देत असतात. ‘अ स्टोन इज ड्रॉप्ड फ्रॉम अ टॉवर ऑफ हाइट ट्वेंटी मीटर्स’ या वाक्यात सुरुवातीचा वेग कुठे दिलाय, असं विचारणारी मुलं दरवर्षी असतात. तो ‘ड्रॉप्ड’मध्येच दिलाय. नुसता सोडला, ढकलला नाही, म्हणून सुरुवातीचा वेग शून्य. गुरुत्वत्वरण दहा धरलं तर दगड दोन सेकंदांत खाली येतो. ‘थ्रोन’ असतं तर वेग वेगळा द्यावा लागला असता. आणि तोच दगड वर जाणाऱ्या फुग्यातून ‘ड्रॉप्ड’ असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला तो आधी थोडा वरच जाताना दिसेल, कारण सुटताना फुग्याचा वेग त्याच्या अंगात असतो. हे गणित परीक्षेत पुन्हा पुन्हा येतं, आणि चुकणारे बहुतेक जण इथेच घसरतात.

म्हणून वहीत सुटे शब्द लिहू नकोस. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी यादी करायला छान वाटतं, वही भरते, हातात काही राहत नाही. त्याऐवजी शब्दांचा गट लिही आणि समोर चिन्ह, एकक किंवा छोटी आकृती काढ. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ लिहिलंस तर समोर ‘सुरुवातीचा वेग = ०’. ‘कम्स टू रेस्ट’ला ‘शेवटचा वेग = ०’. ‘रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी’समोर त्वरणाचं चिन्ह. वाचताना डोळ्यांपुढे मराठी वाक्य उभं राहण्यापेक्षा चित्र उभं राहिलं तर एक अख्खी पायरी वाचते.

लहान शब्दांकडे दुर्लक्ष करू नकोस. वेग सेकंदाला ५ मीटर आहे आणि तो ‘इन्क्रीझेस बाय ट्वेंटी’ म्हटलं तर २५ झाला. ‘इन्क्रीझेस टू ट्वेंटी’ म्हटलं तर २० झाला, वाढ फक्त १५. ‘बाय’ आणि ‘टू’ दोन्ही अगदी पोरसवदा शब्द, पण सगळं उत्तर त्यांच्यावर. ‘पर’, ‘रिलेटिव्ह टू’, ‘विथ रिस्पेक्ट टू’, ‘रिस्पेक्टिव्हली’ हेही याच जातीचे. शेवटच्याचं उदाहरण देते. ‘मासेस ऑफ ए अँड बी आर टू अँड थ्री केजी रिस्पेक्टिव्हली’, म्हणजे ए दोन किलोचा, बी तीन किलोचा, त्याच क्रमाने.

आता एक गोष्ट जरा निवांत वाच, कारण तुला एका पानाला तास लागण्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. मराठीत आपण विशेषणं, अटी, तपशील सगळं आधी सांगतो आणि वस्तू शेवटी आणतो. ‘वीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सोडलेला दोन किलो वस्तुमानाचा दगड.’ दगड सगळ्यात शेवटी आला. क्रियापद त्याच्याही नंतर. आपला कान त्याला सरावलेला असतो, तो शेवटच्या शब्दाची वाट बघत बसतो. इंग्रजीत दगड आधी येतो आणि तपशील त्याच्या मागे शेपटासारखे लटकत जातात : ‘अ स्टोन ऑफ मास टू केजी, ड्रॉप्ड फ्रॉम अ टॉवर ऑफ हाइट ट्वेंटी मीटर्स’. मराठी माध्यमातलं मूल हे वाक्य वाचताना शेवटपर्यंत जातं आणि मग उलटं मागे येत मराठीत मांडतं. प्रत्येक वाक्याला दोन फेऱ्या. मोठं वाक्य असलं की परतीच्या वाटेवर सुरुवातच विसरते.

ही फेरी बंद करायचा उपाय म्हणजे हातात पेन्सिल. ‘अ स्टोन’ वाचलंस की लगेच एक गोळा काढ. ‘ऑफ मास टू केजी’ आलं की त्याच्या शेजारी २ किलो लिही. ‘फ्रॉम अ टॉवर’ आलं की खाली रेघ ओढून मनोरा काढ. ‘ट्वेंटी मीटर्स’ आलं की उंची लिही. वाक्य संपेपर्यंत आकृती पूर्ण होते आणि मराठीत काही उलटवावं लागत नाही. सुरुवातीला नववीच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं घे. उत्तर काढायचं नाही, फक्त आकृती काढायची. रोज पाच गणितांच्या आकृत्या पुरेत. पंधरवड्यात डोळ्यांना इंग्रजीचा क्रम वळणी पडायला लागेल.

गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचं वाक्य लांब असतं, त्यावर हे करून बघ. ‘...डायरेक्टली प्रपोर्शनल टू द प्रॉडक्ट ऑफ देअर मासेस अँड इन्व्हर्सली प्रपोर्शनल टू द स्क्वेअर ऑफ द डिस्टन्स बिटवीन देम’. जसजसं वाचशील तसतसं सूत्र लिहीत जा : प्रॉडक्ट आला, वस्तुमानांचा गुणाकार वर, इन्व्हर्सली आलं, रेघ मारून खाली, स्क्वेअर आला, अंतराचा वर्ग. वाक्य संपलं की सूत्र तयार. नियम पाठ करावा लागत नाही, ऐकता ऐकता लिहिता येतो.

ऐकण्याचं बोलू. लातूरमध्ये तुझे सर अख्खा तास शुद्ध इंग्रजीत घेत असतील असं मला वाटत नाही. ‘या बॉडीवर ॲक्ट करणारे सगळे फोर्सेस काढा’ अशीच भाषा बहुतेक वर्गांत चालते. क्लासला परराज्यातले सर असतील तर हिंदीची भर. म्हणजे जोडणारी भाषा तुला येते, मधले खुंटे अनोळखी आहेत. त्यावर सगळ्यात खात्रीचा इलाज म्हणजे आदल्या संध्याकाळी पुढचा भाग वाचून जाणं. पूर्ण समजायला नको. शीर्षकं, ठळक छापलेले शब्द, आकृत्यांखालच्या ओळी आणि सूत्रं, एवढंच, आणि तेही मोठ्याने वाचून. कानाला जो शब्द एकदाही माहीत नाही तो वेगात आला की नुसता आवाज असतो. आदल्या दिवशी स्वतःच्या तोंडून ऐकलेला शब्द दुसऱ्या दिवशी सरांच्या तोंडून ओळखू येतो. उच्चार माहीत नसेल तर मोबाइलच्या डिक्शनरीत कर्णा असतो, तो दाबायचा. त्या यंत्राचा एवढा उपयोग मात्र जरूर कर.

तासाला कळलं नाही ते देवनागरीत जसं ऐकू आलं तसं वहीच्या कडेला लिहून ठेव. ‘टॉर्क’ ऐकून ‘टाक’ लिहिलं गेलं तरी चालेल, सरांना नंतर दाखवता येतं. वर्गात हात वर करायची लाज वाटत असेल तर तास संपल्यावर गाठ. मराठीत विचार. शंका इंग्रजीतच विचारायची असा नियम सहसा कुठल्या कॉलेजात नसतो.

घरी ऐकायला काय घ्यायचं? पहिल्या महिन्यात अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म घे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते आणि त्यांचे सहकारी काम करत होते, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवत. पुष्कळ फिल्म मिनिट-दोन मिनिटांच्याच आहेत, आणि त्यांतल्या अनेक इंग्रजीतही आहेत नि मराठीतही. आधी मराठी ऐक, लगेच तीच इंग्रजीत. हातात काय चाललंय ते दिसत असतं, त्यामुळे शब्द हुकला तरी धागा तुटत नाही. अकरावीच्या मुलीला हे बालिश वाटेल, पण इथे तू खेळणं शिकत नाहीस, कान तयार करते आहेस.

मग फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पडद्यावर बल वाढव, घर्षण कमी कर, काय होतं ते बघ. फुकट आहे आणि पुष्कळशी मराठीतही उघडतात. एकच सिम्युलेशन आधी मराठीत आणि मग इंग्रजीत चालव, बटणांवरचे शब्द कामातूनच लक्षात राहतील.

त्यानंतर यूट्यूबवरचं इंग्रजी लेक्चर. तुझा झालेला धडाच घे, नवा नको. वेग पाऊण कर, त्याची सोय तिथेच सेटिंगमध्ये असते. पाच मिनिटांचा तुकडा आधी सबटायटल न लावता ऐक, मग लावून, मग पुन्हा न लावता. यंत्राने आपोआप टाकलेली सबटायटल्स फिजिक्समध्ये मधूनच बरळतात. कोनाचा ‘साइन’ आणि धन-ऋणाचा ‘साइन’ कानाला सारखेच, यंत्र खुशाल एकाच्या जागी दुसरा लिहितं. ‘वेट’चंही तेच, वजन की थांबणं ते वाक्यावरून ठरवायचं.

परदेशी शिक्षकांचं लेक्चर लावलंस तर एका गोंधळाची तयारी ठेव. आपल्याकडे गुणाकाराला ‘इंटू’ म्हणतात, भागाकाराला ‘अपॉन’. ‘डिस्टन्स अपॉन टाइम’. तिकडे गुणाकाराला ‘टाइम्स’ आणि भागाकाराला ‘ओव्हर’. आपले सर ‘टेन रेज्ड टू मायनस इलेव्हन’ म्हणतील, ते ‘टेन टू द मायनस इलेव्हन’ म्हणतील. ‘स्क्वेअर’च्या शेवटी तिकडे हलकासा ‘ड’ ऐकू येतो. हे माहीत नसलं तर हुशार मुलंही ‘थ्री टाइम्स फोर’ ऐकून वेळ कुठून आली म्हणून शोधत बसतात. भारतीय शिक्षकांनी सुरुवात कर, परदेशी नंतर.

आकडे ऐकणं हा वेगळाच सराव आहे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईत सारखेच वाटतात. ‘टीन’ असेल तिथे शेवट लांबतो, ‘टी’ असेल तिथे जोर पहिल्या अक्षरावर पडतो नि शेवट आखूड. मैत्रिणीला सांग की जेवणानंतर दहा मिनिटं पुस्तकातलं एक गणित मला इंग्रजीत वाचून दाखव. तिने वाचायचं, तू फक्त आकडे, एककं आणि आकृती टिपायची. मग अदलाबदल. तिचं फिजिक्स कच्चं असेल तर तू तिला मराठीत समजावून परतफेड कर. समजावताना तुझंही पक्कं होतं.

विज्ञानाबाहेरचं थोडं वाचावंसं वाटलं तर विकिपीडियाची ‘सिम्पल इंग्लिश’ आवृत्ती बघ. ती मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहितात. सिनेमे बघून इंग्रजी येतं असं सांगणारे भेटतील. येत असेलही. त्यात घर्षण-गुणांक सापडत नाही.

आता नीट. हो, पेपर मराठीतून देता येतो. तेरा भाषांत मराठी आहे. जेईई मेनही २०२१पासून तेरा भाषांत होते, त्यातही मराठी आहे. नीटला मराठी निवडली तर मिळणारी प्रश्नपुस्तिका दोन्ही भाषांत असते, इंग्रजी आणि मराठी. पण भाषांतरात काही संदिग्ध निघालं तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानतात. २०२५पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटं आहेत, त्यांतले ४५ फिजिक्सचे. प्रश्नाला सरासरी एक मिनिट. तेवढ्या वेळात दोन्ही भाषा वाचून ताडून बघत बसायला फुरसत नसते, त्यामुळे एका भाषेत सरळ वाचता यायला हवं.

दोन वर्षं तू वर्गात, पुस्तकात, सराव परीक्षांत ‘टॉर्क’, ‘कपॅसिटन्स’, ‘सेमीकंडक्टर’ असंच ऐकणार. मग ऐन पेपरात त्यांचे मराठी प्रतिशब्द पहिल्यांदा भेटले तर तेच परके वाटतील. माझ्या मते वाचायचं इंग्रजीतून आणि मराठी मजकूर अडल्यावेळी शेजारी असू द्यायचा. भाषा फॉर्म भरताना निवडायची असते, म्हणजे तुझ्या हातात बारावीपर्यंत वेळ आहे. तोपर्यंत दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत घड्याळ लावून सोडव आणि कुठल्या भाषेत जास्त प्रश्न होतात ते स्वतः मोज. त्याआधी हा निर्णय मामांनाही घेऊ देऊ नकोस आणि मलाही.